बापूजींच्या फियाटचा गंज



यंदा चैत्री ओळीच्या दिवसांत देरासरात दोघीतिघींनी मला विचारलं, "नखं अशी काळी कशानं झाली?" मी म्हटलं, "गंज काढतेय." "कशाचा?" "गाडीच्या सामानाचा." त्यावर त्या एकमेकींकडे बघून गप्प बसल्या. चौसष्ट वर्षांची बाई, आयंबिल चालू, आणि म्हणे गाडीचा गंज! तर आज त्याबद्दलच लिहिते. ज्यांच्या माळ्यावर जुनी विळी, अडकित्ता नाहीतर सासूबाईंच्या वेळचा तवा गंजत पडलाय, त्यांना तरी उपयोग होईल.

गाडी माझ्या माहेरची, रोह्याची. बापूजींनी १९८६ साली घेतलेली फियाट. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या काळी शोरूममध्ये गेलं आणि गाडी आणली असं नव्हतं. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची. नंबर लागला तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी रेल्वेही रोह्यापर्यंत आली. लोक बापूजींना चिडवायचे, "शेटजी, इकडे गावात आगगाडी आली आणि तुम्ही मोटार घेताय!" बापूजी म्हणायचे, "आगगाडी माझ्या लेकीच्या दारात जाते का?"

आणि खरंच ते दारात आले. मोठ्याच्या वेळी सातव्या महिन्यात मला माहेरी न्यायला पेणला गाडी घेऊन आले. पेण, वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंडीतून रोहा. चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्याला त्यांनी किती वेळ लावला असेल ते विचारू नका. या गाडीचा गियर स्टिअरिंगच्याच दांड्याला असतो. तो ते इतक्या हळू टाकत, जणू बाळाच्या अंगावरून पांघरूण काढताहेत. मागे माझ्याजवळ बाई, म्हणजे माझी आई. प्रत्येक खड्ड्याला तिचा एक नवकार व्हायचा. त्या दिवशी तिची माळ पुरी झाली असेल.

बापूजींना या गाडीचा अभिमान असण्याचं आणखी एक कारण होतं. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी काढलेली. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबातले ते. जहाजांची सिंदिया कंपनी, बंगळूरचा विमानांचा कारखाना, सगळ्याच्या मुळाशी तेच. बापूजी आलेल्या-गेलेल्याला सांगत, "आपल्यातल्या माणसाची गाडी आहे." मूळ नमुना इटलीचा, हे मात्र कोणी विचारल्याशिवाय सांगत नसत. पुढे २००० च्या सुमारास कारखान्यातून ती निघणं बंद झालं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आमची त्याच्या वीस वर्षं आधीच थांबली होती. बापूजींचे डोळे अधू झाले तेव्हा गोदामाच्या मागच्या पडवीत ती उभी केली, ती उभीच राहिली.

कोकणात उभं राहिलेलं लोखंड म्हणजे काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. रोह्याला कुंडलिका, पेणला भोगावती, पलीकडे खारेपाट आणि मिठागरं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी एवढंच लागतं, पण मिठाचा अंश असला की तेच काम कितीतरी वेगानं होतं. तांब्यावर हिरवट थर येतो, तो खालच्या तांब्याला सांभाळतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रा होऊन गळून पडतो, आणि खालचं नवं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. २००५ च्या जुलैत पडवीत गुडघाभर पाणी आलं, ते ओसरल्यावर गाडीच्या पायाखालचा पत्रा कागदासारखा झाला. २०११ ला बापूजी गेले. त्यानंतर मी माहेरी गेले ती लग्नकार्याला, कोणाच्या वर्षीतपाच्या पारण्याला. मागच्या पडवीकडे एकदाही गेले नाही.

फेब्रुवारीत धाकट्या भावाचा फोन आला. जुनं घर आणि गोदाम पाडून इमारत व्हायची आहे, गाडी मोडीत काढतोय, तुला कळवावं म्हटलं. मी एकदम बोलून गेले, "तुला काय, सगळंच भंगार वाटतं." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "तेरा वर्षांत तू एकदा तरी बघितलीस का ताई, ती कशी आहे? छपरातून गळतं तिथे दर पावसाळ्यात ताडपत्री मी टाकतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. मी चढवला. शेवटी एवढंच म्हणाले, की न्यायची तर ने, पण मला थोडं सामान काढून दे.

मोटारीची नोंदणी रद्द करायची तर आरटीओत जावं लागतं, आणि रायगड जिल्ह्याचं आरटीओ आमच्या पेणला. मार्चमध्ये भाऊ त्या कामाला पेणला येऊन गेला. हे मला बाजारातल्या एका ओळखीच्याकडून कळलं. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. तो आला नाही.

आठ दिवसांनी त्याचा मुलगा आला, माझा भाचा. डिप्लोमा करून धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला लागलाय. खांद्यावर गोणपाट. आत जॅक, पाने, दारांचे आणि बॉनेटचे कब्जे, चाकांच्या वाट्या, मागच्या बंपरचा एक तुकडा, टेललाइटचं घर, आणि बापूजींच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कार्ब्युरेटर. मी म्हटलं, "मेकॅनिककडून काढून घेतलंस?" तो म्हणाला, "नाही भुआ, पप्पांनीच काढलं. दोन रविवार लागले. नट गंजून बसले होते, हातही कापला त्यांचा."

आता मूळ विषयावर येते.

पहिली गोष्ट, आपल्या घरात काही करायचं तर आधी जयणा. वीस वर्षं पडवीत पडलेल्या सामानात काय काय राहत असतं! तारेचा ब्रश हातात घ्यायच्या आधी मी पूंजणी घेतली. कब्ज्यांच्या खाचेतून मुंग्यांची रांग निघाली. ते कब्जे कुंपणाच्या भिंतीवर दोन दिवस तसेच ठेवले, सगळ्या निघून गेल्यावरच घेतले. टेललाइटच्या घरात कुंभारमाशीचं मातीचं घर होतं, तोंड बंद. म्हणजे आत पिल्लं. ते घर मी छज्जाखाली ठेवून दिलं. दीड महिन्यानं त्याला भोक पडलेलं दिसलं तेव्हा हात लावला. भाच्याला आधी हसू आलं, पण तोच रोज फोन करून विचारायचा, "भुआ, माशी गेली का?" रॉकेलही सरसकट ओतू नये, आधी नीट बघावं. आणि हे काम चातुर्मासाच्या आधी उरकावं. पावसाळ्यात जीवही जास्त आणि लोखंड वाळतही नाही.

दुसरी गोष्ट, गंज उतरवायचा कशानं? भाचा म्हणाला, व्हिनेगर. आता आपल्याकडे व्हिनेगर कुठून असणार! आंबवलेली वस्तू, ती घरातच येत नाही. आमचे हे म्हणाले, बाथरूमचं ॲसिड आण. ते मी नाकारलं. त्याची वाफ छातीत जाते, आणि ज्या खोलीत ती पसरते तिथलं दुसरं चांगलं लोखंडही गंजतं. मग मी लिंबूफूल घेतलं. ढोकळ्याला वापरतो तेच, सायट्रिक ॲसिड. भाच्यानं गंमत केली. म्हणाला, "भुआ, हल्ली हे लिंबातून नाही काढत. साखरेच्या मळीवर बुरशी वाढवून कारखान्यात करतात." मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं आपण ते बिनदिक्कत ढोकळ्यात घालतोय! गंज काढायला चालेल असं मी मनाशी ठरवलं. ढोकळ्याचं काय ते चातुर्मासात महाराजसाहेबांना विचारीन म्हटलं, आणि खरं सांगते, अजून विचारलेलं नाही. तोवर ढोकळ्यात लिंबू पिळतेय.

प्रमाण असं. एक लिटर कोमट, गाळलेल्या पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम लिंबूफूल. प्लास्टिकचा टब घ्यायचा, ॲल्युमिनियमचं पातेलं चालणार नाही. आधी सुटा गंज तारेच्या ब्रशनं झाडायचा. ग्रीस असेल तर साबणानं काढायचं, कारण तेलकट भागावर लिंबूफुलाचं काही चालत नाही. मग सामान पूर्ण बुडवायचं. अर्धं वर राहिलं तर पाण्याच्या रेघेवर ओरखडा पडल्यासारखी खूण राहते. वर झाकण हवंच, नाहीतर रात्री दिव्याला आलेली चिलटं त्यात पडतात. मी सकाळी घालून सूर्यास्ताच्या आत काढायची. हलक्या गंजाला दोन तास पुरतात, जुनाट असेल तर दिवस जातो. मधूनमधून बाहेर काढून ब्रश मारायचा. पाणी आधी पिवळट होतं, मग हिरवट, मग काळपट. नखं काळी होतात ती यानं. भाचा हातमोजे देऊन गेला होता, पण मोज्यात मला नट कळत नाही.

बाहेर काढल्यावर खरी घाई. स्वच्छ पाण्यानं धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा म्हणजे राहिलेलं आम्ल मरतं, आणि लगेच कोरडं करा. लगेच म्हणजे लगेच! पहिल्या दिवशी दाराची बेल वाजली म्हणून मी कब्जे ओले ठेवून गेले. दूधवाल्याचा हिशेब करून परत येते तो सगळ्यांवर नारिंगी छटा. उघडं लोखंड इतकं भुकेलेलं असतं. तेव्हापासून सुनेचा केस वाळवायचा ड्रायर मी ताब्यात घेतला. वाळलं की मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, किंवा रंगवायचं असेल तर तेल न लावता रेडऑक्साइड. विळी-तव्याला अर्थातच खायचं तेल, आणि तवा पुन्हा मंद आचेवर तेल जिरवून घ्यायचा.

उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. मी त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकायची, फसफस थांबेपर्यंत. मग पसरट टबात, वर जाळी घालून गच्चीवर ठेवायची. वैशाखाच्या उन्हात आटून तळाशी साका राहायचा. तो कोरड्या, निर्जीव जागी परठवायचा.

जॅक फार गंजलेला होता, त्याला भाच्यानं विजेचा उपाय केला. बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्यात एक लोखंडी पट्टी आणि एक जॅक, एकमेकांना न लागता. बॅटरी चार्जरची धन तार पट्टीला, ऋण तार जॅकला. उलट जोडलं तर जॅकच खाल्ला जातो. जॅकवर बारीक बुडबुडे येतात आणि गंज भुसभुशीत होऊन सुटतो. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून हे उघड्यावरच करायचं, जवळ देवाचा दिवासुद्धा नको. आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीच घ्यायची नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून ते विषारी होतं. ही गोष्ट त्यानं मला तीनदा बजावली, कारण माझ्या हातात जुना स्टीलचा चमचा होता. बंपरच्या क्रोमला मात्र काहीच लागलं नाही. नातवाच्या डब्यातल्या पोळीला गुंडाळतात तो ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून चोळला, ठिपके गेले. जिथे क्रोमच उडालं होतं तिथे खड्डे आहेत, ते तसेच.

एक सावधगिरी. चकचकीत झालं म्हणजे मजबूत झालं असं नाही. गंज गेला तरी त्यानं खाल्लेली जाडी परत येत नाही. ब्रेकचं, स्टिअरिंगचं सामान कोणाच्या चालत्या गाडीला पुन्हा लावायचं असेल तर जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय लावू नये. स्प्रिंगा आम्लात घालूच नयेत, ठिसूळ होऊन तुटतात.

मी कॉमर्सची. आमच्या पुस्तकात घसारा काढायची घटत्या मूल्याची पद्धत होती. मोटारीवर वर्षाला १५ टक्के धरले, तर अडतीस वर्षांनी लाखाचे दोनशेच्या आसपास रुपये उरतात. शून्य कधीच होत नाही. एक दिवस ब्रश मारता मारता मी हे गणित यांना सांगितलं. हे म्हणाले, "आणि सुनेच्या ड्रायरचं वीजबिल धरलंस का?"

आता जे लिहायचं टाळत होते ते. कार्ब्युरेटर.

तो मी शेवटी ठेवला होता. बापूजींनी फडक्यात गुंडाळून ठेवलेला, त्या गाठीसुद्धा त्यांच्या हाताच्या. ओळीचा सातवा दिवस होता. वरच्या स्क्रूंवर, दांडीवर गंज दिसला म्हणून दुपारी तो अख्खाच टबात घातला. विचार केला नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणाला गेले, तिथून येऊन झोपले. सकाळी पूजा आटोपून आले तेव्हा आठवण झाली. झाकण काढलं तर पाण्यावर फेस. कार्ब्युरेटर बाहेर काढला, तो काळा पडलेला, अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. वरची कंपनीची उठावाची अक्षरं पार गेलेली. तो लोखंडाचा नव्हताच. अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, आणि जस्ताला लिंबूफूल खातं. भाचा फोनवर काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "भुआ, चुंबक लावून बघायचं होतं." हे तुम्हीही लक्षात ठेवा. चुंबक चिकटलं नाही तर ती वस्तू टबात घालू नका.

भावाला दुसऱ्यांदा काय तोंडानं सांगणार? तुला भंगार वाटतं म्हणून मीच त्याला बोलले होते. त्यानं वीस वर्षं ताडपत्री टाकून जे राखलं, हात कापून घेऊन जे काढून दिलं, ते मी एका रात्रीत घालवलं. तो कार्ब्युरेटर पुन्हा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. भाच्याला म्हटलं, पप्पांना सांगू नकोस. त्या पोरालाही मी त्यात ओढलं.

चैत्र गेला, वैशाख गेला, पाऊस आला. पर्युषण बसले. यंदाही संवत्सरी आणि गणेशचतुर्थी एकाच दिवशी. पेणमध्ये तर त्याआधी महिनाभर टेंपो भरून गणपती बाहेरगावी जात असतात, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून उपाश्रयात जायचं. दरवर्षी मी संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर यादी करून फोन लावते. भावाचा नंबर यादीत पहिला असतो. यंदा यादी संपली तरी तो तसाच राहिला. मोबाईलवर दोनशे जणांना एकदम मिच्छामि दुक्कडम् पाठवता येतं, त्यात त्यालाही गेलं असतं. पण ते मला जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मेमूनं मी रोह्याला गेले. कासू, नागोठणे, निडी, रोहा. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात कार्ब्युरेटर. समोरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "मोदक का?"

भाऊ सध्या भाड्याच्या ब्लॉकमध्ये राहतो. जुन्या घराच्या जागी पायाचे खड्डे, त्यात पावसाचं पाणी. वहिनीनं पाणी दिलं. मी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. चुंबकाचंसुद्धा. भाच्याला गप्प बसवलं तेही. आणि फोनवर बोलले ते.

त्यानं कार्ब्युरेटर हातात घेऊन उलटसुलट बघितला. अंगठ्यावर जुन्या जखमेची पांढरी रेघ दिसत होती. म्हणाला, "ताई, हा कामाचा नव्हताच. नव्वद-ब्याण्णवला बदलला होता. मेकॅनिक म्हणाला टाकून द्या. बापूजींनी टाकला नाही, एवढंच."

हे खरं, की माझ्यासाठी म्हणाला, ते मला अजून कळलेलं नाही. वहिनीकडे बघितलं तर ती स्वयंपाकघरात गेली होती.

मग तो म्हणाला, "मार्चमध्ये आलो होतो पेणला. तुझ्या गल्लीपर्यंत आलो होतो."

मी म्हटलं, "मग?"

"मग काही नाही. हातात त्या चासी नंबरची पावती होती. ती घेऊन तुझ्याकडे कसा येणार?"

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "जॅक फिरतो का?"

"फिरतो. यांनी गच्चीवरची पाण्याची टाकी उचलून खाली विटा सरकवल्या त्यानं."

"पाठव मग पोराबरोबर. मला बघायचाय."

"पाठवणार नाही," मी म्हटलं. "येऊन घेऊन जा. आरटीओत येतोस तसा."